‘लावा आणि विसरा’ म्हणे! फिरत्या डिस्कांचा बॅकअप असा होत नाही

शनिवारचा फेरा (सांगली)
परवा इथे एकांनी बॅकअपचा सल्ला दिला: टास्क शेड्यूलरमध्ये (विंडोजमध्ये ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करणारी सोय) सोम-बुध-शुक्र डिस्क ‘अ’, मंगळ-गुरु-शनि डिस्क ‘ब’ लावा, दोन्ही डिस्क यूएसबी हबला कायम जोडून ठेवा आणि विसरून जा. खाली धन्यवादांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

कायम जोडलेल्या दोन डिस्कांना फिरत्या डिस्क म्हणत नाहीत. एकच घर, एकच वीज, एकच व्हायरस. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा तो सी ड्राइव्हवर थांबला नव्हता, जोडलेल्या डिस्कांवरच्या फायलींनाही त्याने कुलूप घातलं. फिरवायची म्हणजे डिस्क काढायची, पिशवीत घालायची आणि दुसऱ्या छपराखाली नेऊन ठेवायची.

माझं करसल्ल्याचं ऑफिस गावभागात. दोन डिस्क होत्या, रोज संध्याकाळी न चुकता अदलाबदल करायचो. दोन्ही एकाच लोखंडी कपाटात, खालच्या खणात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाखालचं पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं आणि कपाट पाण्याखाली. वाचली ती तिसरी जुनी डिस्क, कारण भाच्याच्या लग्नाचे फोटो घ्यायला बहिणीने ती मार्चअखेरीला मिरजेला नेली होती. एप्रिल ते जुलैच्या नोंदी ग्राहकांकडून बिलांच्या झेरॉक्स मागून मागून पुन्हा घातल्या. दिवाळीपर्यंत तेच चाललं होतं.

तेव्हापासून तीन डिस्क. दर शनिवारी एक मिरजेला जाते, तिथली परत येते.

बॅच फाइल (पुणे)
तो सल्ला माझाच. पुराचं वाचून वाईट वाटलं, पण त्यावरून माझी पद्धत चूक ठरत नाही.

माझे वडील निवृत्त प्राध्यापक. दोन डिस्क घेऊन दिल्या, कालनिर्णयवर दर रविवारी लाल गोल केले. सात महिन्यांनी लॅपटॉपची डिस्क गेली. बघतो तर एक एक्सटर्नल खोक्यातच आणि दुसरीवरचा बॅकअप पहिल्या महिन्यातला. नवरात्रात गोल करायचे राहिले, मग सगळंच राहिलं. त्यांची बारा वर्षांची टिपणं गेली. म्हणून सांगतो, माणसाच्या आठवणीवर सोपवलेला बॅकअप होत नाही. जोडलेली डिस्क निदान लिहिली तरी जाते.

शनिवारचा फेरा
म्हणून वाराची डिस्क ठरवायचीच नाही! तुमच्या वेळापत्रकात बुधवारी ‘अ’ जागेवर नसेल तर त्या दिवशी काहीच होत नाही. माझ्याकडे बॅकअपचं काम रोज रात्री नऊला आपोआप सुरू होतं आणि जी डिस्क जोडलेली असेल तिच्यावर लिहितं. तिन्हींना डिस्क मॅनेजमेंटमध्ये एकेक करून एक्स हेच अक्षर दिलंय, विंडोज ते लक्षात ठेवतं. स्क्रिप्ट आधी डिस्कवरची खुणेची फाइल (ही बॅकअपचीच डिस्क हे ओळखायला मुद्दाम ठेवलेली) बघते, ती नसेल तर हात लावत नाही. नकलेची वेळ संगणकाने पाळायची. ने-आण मात्र अशा कामाला बांधायची जे आपण तसंही करतो. बहिणीकडे मी शनिवारी जातोच.

लोडशेडिंगग्रस्त
बॅच फाइल साहेब, तुमचं ‘लिहिली तरी जाते’ हेही खरं नाही. लॅपटॉप चार्जिंगला असेल तरच काम सुरू करा, ही टास्क शेड्यूलरची मूळची अट. चुकलेली वेळ नंतर भरून काढायच्या पर्यायावर टिक आपणहून करावी लागते. आमच्याकडे रात्री वीज जाते. तीन आठवडे एकही बॅकअप झाला नव्हता आणि मला पत्ताच नाही.

आणि ती खुणेची फाइल सगळ्यांनी कराच. मी रोबोकॉपीचं (विंडोजमधली फायलींची नक्कल करणारी आज्ञा) मिरर लावलं होतं. एकदा दोन डिस्क जोडलेल्या होत्या, अक्षरं बदलली, आणि मिररने मुलीच्या बारशाचे फोटो असलेली डिस्क पुसून तिथे ऑफिसचा फोल्डर बसवला. मिरर म्हणजे मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते नकलेतूनही काढणं. हे कुणी आधी का सांगत नाही?

ढगातला माणूस (ठाणे)
२०२५ उजाडून गेलं तरी पिशवीतून डिस्क? क्लाउडवर टाका. कंपन्यांना तर २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचाच आहे.

शनिवारचा फेरा
तो नियम कंपन्यांना. माझे ग्राहक बेदाण्याचे व्यापारी, त्यांच्या मालकी धंद्याला तो लागत नाही. इथे अपलोड २० एमबीपीएस. एक टीबी चढायला, एकदाही न तुटता, साडेचार दिवस. उतरवायचा तेव्हा नेट बंद असेल तर काय करू? पुरात पहिलं नेटच गेलं होतं. तेवढं सोडलं तर चालू वर्षाचा टॅलीचा डेटा क्लाउडवर असावा हे मान्य. मीही ठेवतो.

जुळाऱ्याची लेक (सोलापूर)
तुम्ही सगळे डिस्क वाचवताय. माझ्या तिन्ही डिस्क शाबूत आहेत, एक माहेरी असते, फाइल अन् फाइल जागेवर. तरी माझं काम गेलंय.

१९९९ ते २००८ मी डीटीपी केलं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम. दिवाळी अंक, पत्रिका, दोन तालुक्यांचे स्मृतिग्रंथ. सगळं पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी फॉण्टमध्ये. त्यानंतर आलेल्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फायली सीएस ६ पर्यंतच उघडायच्या. जानेवारी २०२३ पासून टाइप १ या जुन्या प्रकारचे फॉण्टही त्यात बंद. आता फाइल उघडली तरी समोर येतात रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिखल.

बॅच फाइल
ताई, हा बॅकअपचा विषय आहे, फॉण्टचा नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच अक्षरकोडमध्ये, बदलून घ्या, कन्व्हर्टर आहेत.

जुळाऱ्याची लेक
कन्व्हर्टर वापरून बघितलात कधी? जुन्या फॉण्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार, अर्धा र, जोडाक्षरं, सगळी दिसण्याच्या क्रमाने बसवलेली. कन्व्हर्टर नेमका तिथेच अडखळतो. ‘कीर्ती’, ‘दुर्मिळ’ असे शब्द एकेक करून हाताने सुधारावे लागतात, आणि त्यातला एक स्मृतिग्रंथ चारशे पानांचा आहे. त्यातल्या निम्म्या आठवणी सांगणारी माणसं आता नाहीत. आणि फॉण्ट विकणाऱ्यांनी प्रत्येकाने आपला वेगळा कीबोर्ड, वेगळे कोड, वर संगणकाला जोडल्याशिवाय फॉण्ट चालू न देणारं लॉक. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती!

बॅच फाइल
मग २००८ पर्यंत जुनंच का वापरत बसलात?

जुळाऱ्याची लेक
कारण छापखाना तीच फाइल मागायचा. कारण पेजमेकरला युनिकोड देवनागरी कळतच नव्हती. पोट भरायचं होतं, साहेब. पुण्यात बसून विचारणं सोपं आहे.

लोडशेडिंगग्रस्त
ताईंचा मुद्दा विषयातलाच आहे. जी फाइल वाचता येत नाही तिचा बॅकअप काय कामाचा? माझ्या वडिलांच्या कवितांच्या फायली अशाच आहेत. मी निदान तेव्हाच्या प्रिंट स्कॅन करून पीडीएफ ठेवलीय.

जुळाऱ्याची लेक
पीडीएफ मीही करून ठेवायला हव्या होत्या. फॉण्ट आत बांधून. तेव्हा कुणाला सुचलं नाही.

बॅच फाइल
ताई, शेवटचं वाक्य लागलं असेल तर माफ करा. सल्ल्यापुरतं बोलतो. दोन्ही डिस्क कायम जोडलेल्या नकोत, हे मान्य. मी माझ्या मूळ सल्ल्यात तसा बदल करतो. पण शनिवारचा फेरावाले, एक विचारतो. मिरजेच्या डिस्कवरून तुम्ही पूर्ण रिस्टोअर करून कधी बघितलंय?

शनिवारचा फेरा
नाही. फायली उघडून बघितल्या आहेत, पूर्ण कधी केलं नाही. प्रश्न बरोबर आहे. आज शनिवारच आहे, घेऊन येतो.

शनिवारचा फेरा
रात्रीचे साडेअकरा. भावाच्या रिकाम्या लॅपटॉपवर सगळं उतरवलं. टॅलीच्या सगळ्या कंपन्या उघडल्या, शिल्लक जुळली. पण गेल्या वर्षी नवीन मशीन घेतल्यापासून मी नोटिसांचे स्कॅन डेस्कटॉपवर ठेवतोय आणि माझी स्क्रिप्ट फक्त डी ड्राइव्ह उचलते. चौदा महिन्यांचे स्कॅन तिन्हींपैकी एकाही डिस्कवर नाहीत. स्क्रिप्ट आत्ता दुरुस्त केली. बॅच फाइल, तुम्ही विचारलंत म्हणून कळलं.

एक्सपी अजून चालू (बार्शी)
जुळाऱ्याची लेक, माझ्याकडे एक्सपीचं मशीन आहे, पेजमेकर ६.५ चालतं, प्रिंटरच्या जागी लॉक लावायचं पोर्टही आहे. तुमच्याकडे फॉण्टची सीडी आणि लॉक अजून असेल तर डिस्क घेऊन या. पानं पीडीएफ करून देतो. सोलापूरहून दीड-दोन तासांची एसटी आहे.

जुळाऱ्याची लेक
लॉक आहे. सीडी शोधते. पुढच्या रविवारी येते.