पोलिश फौज इटलीत आली कुठून?

आजी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीतल्या पोलिश बायकांबद्दल सांगायची. कुणाकुणाचे नवरे म्हणे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढत होते. पण पोलंड तर १९३९ लाच पडला ना?

— सायबेरियातून! हिटलर १९४१ मध्ये रशियावर उलटल्यावर स्टालिनने १९३९ पासून कैदेत ठेवलेले पोलिश लोक सोडले. पोलिश जनरल आंदेर्स त्यांना इराणमार्गे घेऊन आले. इटलीत डोंगरावरच्या, जर्मनांनी धरून ठेवलेल्या माँटे कॅसिनोच्या मठावर १८ मे १९४४ ला झेंडा त्यांचाच लागला.

— मी तिथलं पोलिश स्मशान पाहिलंय. हजारावर थडगी, सगळी मठाकडे चढत गेलेली. उन्हात दम लागला. त्यांनी तर वरून गोळ्या झेलत चढाई केली.

— धन्यवाद दादा. म्हणजे ते जिंकून घरी गेले?

— बरेचसे नाही. घर दोस्त राष्ट्रांच्या १९४५ च्या याल्टा परिषदेत स्टालिनच्या पदरात पडलं होतं. लंडनच्या १९४६ च्या विजय संचलनातही पोलिश तुकडी नव्हती. याचा मला अजून राग येतो.