प्रतिसाद: डेव्हिस म्हणजे नुसता वशिला?

वर कोणीतरी म्हटलंय की डेव्हिड डेव्हिस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश म्हणून गेले ते केवळ अध्यक्ष लिंकनच्या दोस्तीमुळे. दोस्ती होतीच, नाकारत नाही. रिपब्लिकन पक्षाच्या १८६० च्या शिकागो अधिवेशनात लिंकनची अध्यक्षपदाची उमेदवारी जमवणारे हेच.

पण मुळात दोस्ती झाली कशी? १८४८ पासून डेव्हिस इलिनॉय राज्याच्या आठव्या सर्किटचे, म्हणजे फिरत्या न्यायालयाचे, न्यायाधीश. चौदा काउंट्या (जिल्हे), वर्षातून दोन फेऱ्या, चिखलातून घोडागाडी. मागोमाग वकिलांची वरात, त्यात लिंकन. खानावळीत वकील एका पलंगावर दोघं-दोघं झोपायचे. न्यायाधीश साहेब जवळपास १३५ किलोंचे, त्यांच्या वाटणीला कोण जाणार! कधी स्वतःला जमलं नाही तर ते लिंकनलाच खुर्चीत बसवत.

आता वशिल्याचं बघा. मिलिगन खटल्यात लष्करी आयोगाने १८६४ मध्ये इंडियानातल्या एका नागरिकाला फाशी सुनावली होती. हे आयोग लिंकनच्याच राजवटीतले. डेव्हिस यांनी सुप्रीम कोर्टाच्या १८६६ च्या निकालात लिहिलं की नागरी न्यायालयं सुरू असताना नागरिकावर लष्करी खटला चालवता येत नाही.

१८७७ ची गंमत तर वेगळीच. अध्यक्षपदाची निवडणूक कोण जिंकलं या वादासाठी पंधरा जणांचा आयोग, सात-सात दोन्ही पक्षांचे, पंधरावे तटस्थ म्हणून डेव्हिसच धरलेले. तेवढ्यात इलिनॉयच्या विधिमंडळाने, डेमोक्रॅट्सच्या मतांवर, त्यांना सिनेटवर निवडून दिलं. ते बाजूला झाले, जागी रिपब्लिकन न्यायाधीश ब्रॅडली आले, आणि रिपब्लिकन उमेदवार हेझ ८-७ ने अध्यक्ष. डेमोक्रॅट्सनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.