साप्ताहिक सभेचा वृत्तान्त कसा लिहावा?

नवा सचिव:

नमस्कार. जुलैपासून आमच्या सेवा-क्लबचे सचिवपद माझ्याकडे आले असून त्यासोबत दर आठवड्याचे वार्तापत्रही आले आहे. सभा गुरुवारी संध्याकाळी होते आणि शनिवार सकाळपर्यंत तिचा वृत्तान्त सभासदांच्या हाती पडावा, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे. कामाला लागण्यापूर्वी मागच्या तीन वर्षांचे अंक वाचून काढले. तारीख आणि वक्त्याचे नाव बदलले, तर त्यातला कोणताही अंक कोणत्याही आठवड्यासाठी खपून जाईल! "अध्यक्षांच्या अनुमतीने सभेस सुरुवात करण्यात आली, पाहुण्यांचे स्वागत करण्यात आले, चालू प्रकल्पांचा आढावा घेण्यात आला, वक्त्यांनी मोलाचे मार्गदर्शन केले, उपस्थितांचे आभार मानण्यात आले." दीडशेच्या आसपास अंक आणि मजकूर हाच.

हे दुखणे केवळ भाषेचे नाही, हे मला एका खुर्चीमुळे कळले. आमची रुग्णोपयोगी साहित्याची एक छोटी पेढी आहे. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या असे साहित्य आम्ही गरजूंना वापरायला देतो आणि काम झाले की ते परत येते. परत आलेल्या चार क्रमांकाच्या व्हीलचेअरचा डावा ब्रेक धरत नव्हता. विषय सभेत निघाला, दोघे-तिघे "बघतो" म्हणाले आणि वृत्तान्तात "साहित्य-पेढीचा आढावा घेण्यात आला" एवढेच छापून आले. पुढचे पाच आठवडे ती खुर्ची सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात, गुंडाळून ठेवलेल्या फलकांच्या आड तशीच उभी होती. त्याच काळात वडिलांसाठी खुर्ची मागायला आलेल्या एका बाईंना आम्ही "सध्या शिल्लक नाही" असे सांगून परत पाठवले.

कार्यकारिणीचे इतिवृत्त वेगळे लिहिले जाते, त्यामुळे ठराव वगैरे तिथे येतातच. मग साप्ताहिक वृत्तान्तात नेमके काय यावे आणि तो किती लांब असावा? काही सभासदांचे म्हणणे असे की, दर आठवड्याला लिहिण्यासारखे काही घडतच नाही, तेव्हा अंक महिन्यातून एकदा काढावा. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. (मोलाचे नसले तरी चालेल, उपयोगाचे असावे.)

दोनदा सचिव:

आपण दिलेल्या उताऱ्यातली क्रियापदे पाहा. करण्यात आली, करण्यात आले, घेण्यात आला, मानण्यात आले. पाच वाक्यांपैकी चारांत कर्ता नाही, आणि जिथे आहे तिथे तो पाहुणा आहे. मराठीतला हा "करण्यात आले" प्रयोग सरकारी कागदांतून आपल्या सभांत येऊन बसला आणि त्याची मोठी सोय अशी की, काम न करणाऱ्याचेही नाव त्यात झाकले जाते. ब्रेक पाच आठवडे तसाच राहिला, कारण तो कोणी दुरुस्त करायचा हे कुठेच लिहिलेले नव्हते. त्यामुळे माझी पहिली सूचना व्याकरणाची आहे: ज्या वाक्यात काम आहे, त्यात माणूस हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे वाचक कोण, हे ठरवून घ्या. इतिवृत्त हा दप्तराचा कागद आहे. तो पुढच्या बैठकीत वाचून कायम होतो आणि वाद उद्भवला तर त्याच्याकडे बोट दाखवता येते. साप्ताहिक वृत्तान्त मात्र त्या गुरुवारी न आलेल्या सभासदासाठी असतो. जे आले होते त्यांना सभा कशी झाली हे ठाऊकच आहे. न आलेल्याला दोनच गोष्टी हव्या असतात: माझ्या पश्चात काय ठरले आणि पुढच्या आठवड्यात माझी गरज कुठे आहे. स्वागत, आभार आणि सूत्रसंचालन यांतून त्याला यातले काहीच मिळत नाही.

मी लिहीत असताना सुरुवात नेहमी मागच्या अंकातल्या बाकी कामांनी करीत असे. झाले असेल तर झाले, नसेल तर नाही, आणि नसल्यास नवी तारीख. पहिले दोन-तीन आठवडे लोकांना हे बोचते. एका ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला घेऊन, "आम्हांला वर्गात उभे करता काय?" असे विचारलेही होते. यावर उपाय लेखणीत नाही, सभेत आहे. सभा संपण्यापूर्वीची दोन मिनिटे अध्यक्षांकडून मागून घ्या आणि त्या संध्याकाळी कोणी काय अंगावर घेतले ते तिथल्या तिथे वाचून दाखवा. ज्याला नको असेल तो तेव्हाच नाही म्हणेल, आणि शनिवारी छापलेले वाचून कोणी दचकणार नाही. "बघतो" हे उत्तर आले, तर "कधीपर्यंत?" एवढे विचारायला संकोचू नका.

वक्त्यांच्या भाषणाचा सारांश लिहू नये, या मताचा मी आहे. त्यांनी सांगितलेली एकच गोष्ट उचला, पण ती अशी असावी की, वाचणाऱ्याला आपण यायला हवे होते असे वाटले पाहिजे. आमच्याकडे एकदा नेत्रतज्ज्ञ आले होते. काचबिंदूत बाजूचे दिसणे आधी कमी होत जाते आणि समोरचे बराच काळ नीट दिसत राहते, त्यामुळे रोग्याला स्वतःला पत्ता लागत नाही, असे त्यांनी सांगितले. मी तेवढेच छापले. त्या आठवड्यात तिघांनी डोळे तपासून घेतले. लांबी दीड पान पुरे.

खजिनदार (निवृत्त):

एक मुद्दा राहिला, पैशांचा. लायन्ससारख्या संस्थांत सभासदांच्या वर्गणीतून चालणारा प्रशासकीय निधी आणि लोकांकडून सेवाकार्यासाठी जमवलेला निधी पूर्णपणे वेगळे ठेवावे लागतात, आणि दुसऱ्यातला पैसा क्लबच्या खर्चाकडे वळवता येत नाही. तुमचा क्लब कोणत्याही संस्थेशी संलग्न असो वा नसो, वार्तापत्रात या दोन रकमा एका ओळीत कधीही लिहू नका. "एकूण जमा" हा शब्दप्रयोग फार गैरसमज करतो. सभागृहाचे भाडे वर्गणीतून गेले, हे देणगी देणाऱ्याला विचारावे लागू नये.

मागच्या रांगेतली:

माझे मत थोडे वेगळे आहे. वर दिलेला सल्ला काटेकोरपणे पाळला, तर वार्तापत्राची कामवाटप-वही होईल, आणि ती वही वाचायला कोणी शनिवार सकाळची वाट पाहणार नाही. क्लब ही आधी माणसांची बैठक आहे. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस आपल्या तीन परिचितांसह एकाच्या कचेरीत बसले, तेव्हा त्यांच्यापुढे कोणताही प्रकल्प नव्हता. परक्या शहरात व्यवसाय करणाऱ्यांना ओळखीची माणसे हवी होती, एवढेच. पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटायचे, म्हणून नाव पडले रोटरी. सेवाकार्य मागाहून आले, आणि पहिले मोठे काम होते शहरात सार्वजनिक शौचालये व्हावीत यासाठीचा प्रयत्न! ओळखीतूनच कामे निघतात, म्हणून सभासदाच्या घरचे आजारपण, कोणाच्या मुलीचा निकाल, बऱ्याच दिवसांनी परतलेला सभासद, हे सारे वृत्तान्तात यायलाच हवे. सात आठवडे न दिसलेल्या माणसाला कोणी फोन केला का, ही नोंद मला व्हीलचेअरच्या नोंदीइतकीच मोलाची वाटते.

आता दर आठवड्याच्या सक्तीबद्दल. रोटरीने 2016 साली आपल्या नियमांत मोकळीक दिली. तेव्हापासून क्लबांना आठवड्याऐवजी महिन्यातून किमान दोनदा भेटूनही चालते. म्हणजे सभा कमी करणे हा काही धर्मद्रोह नव्हे. तरीही सभा साप्ताहिक ठेवून अंक मात्र मासिक करणे मला पटत नाही. महिन्यानंतर लिहायला बसले की आठवते ते फक्त मोठे: पदग्रहण, शिबिर, सत्कार. ब्रेक आठवत नाही.

रक्तदान समन्वयक:

मोठ्याच गोष्टी आठवण्याबद्दल वर जे म्हटले आहे, त्याला माझ्या कामातला अनुभव जोडतो. एका दिवसात विक्रमी रक्तदान झाले की वार्तापत्राचे पहिले पान भरते. परंतु दान केलेल्या रक्तातल्या लाल पेशी योग्य द्रावणात आणि थंड तापमानात फार तर 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाच-सात दिवसच. एका रविवारी ढीगभर रक्त आणि नंतर चार महिने शांतता, हे रक्तपेढीच्या दृष्टीने सोयीचे नाही. आम्ही विक्रमाची बातमी बंद केली आणि त्या जागी रक्तपेढीने कळवलेली आठवड्याची निकड दोन ओळींत छापू लागलो. कोणत्या गटाचे रक्त कमी आहे, हे वाचून सभासद एकेकटे जाऊन रक्त देऊन येतात. शिबिराचा आकडा दिलाच, तर नाव नोंदवणारे किती आणि प्रत्यक्ष रक्त देणारे किती, हे दोन्ही द्यावेत. हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे परतलेल्यांनाही मोजले, तर पुढच्या खेपेस आधी कोणती माहिती द्यायला हवी ते कळते.

आणखी एक विनंती. मदत घेणाऱ्याचे छायाचित्र आणि नाव त्याच्या संमतीशिवाय छापू नका. समूहचित्रात साहित्य स्वीकारणारी एक व्यक्ती आणि तिच्याभोवती आम्ही बाराजण, असा फोटो मी स्वतः एकदा छापला होता. तो पाहून त्या गृहस्थांचा मुलगा फक्त एवढेच म्हणाला, "खुर्ची परत करायची वेळ आली की मी एकटाच येईन." तेव्हापासून आम्ही वस्तूचा फोटो छापतो.

नवा सचिव:

सर्वांचे आभार. (आभार मानण्यात आले नाहीत, मी मानतो आहे.) मासिक अंकाचा विचार सोडला आहे. या गुरुवारी शेवटची दोन मिनिटे मिळाली. वाचून दाखवताना एकाने आपले नाव काढायला सांगितले आणि दुसऱ्याने ते काम घेतले, म्हणजे उपाय पहिल्याच दिवशी लागू पडला. शनिवारच्या अंकातली पहिली नोंद अशी लिहिली आहे, चुकत असल्यास सांगावे:

"मागच्या आठवड्याची बाकी: चार क्रमांकाच्या व्हीलचेअरची ब्रेकतार सहसचिवांनी मंगळवारी बदलून घेतली. दुरुस्तीचा खर्च सेवा-निधीतून झाला असून पावती खजिनदारांकडे आहे. खुर्ची मागून परत गेलेल्या बाईंना सचिव शक्यतो लवकर फोन करतील. साहित्य-पेढीच्या वहीत त्यांचा क्रमांक लिहिलेला नाही, तो त्या दिवशी पेढीवर असलेल्या सभासदांकडून घ्यायचा आहे."

दोनदा सचिव:

नोंद चांगली आहे. फक्त "शक्यतो लवकर" काढून तिथे वार घाला. आणि साहित्य-पेढीच्या वहीत मागणाऱ्याच्या फोन क्रमांकासाठी एक रकाना आजच आखून घ्या. साहित्य देता आले नाही, तरी क्रमांक लिहून घ्यायचा.