अनुभव धागा : रिकर्शनमधला रिटर्न नेमका कुठं गळतो?

बेळगाव सीमाभागातल्या कोड लिहिणाऱ्या मंडळींनो, रिकर्शनमध्ये मेथड स्वतःलाच बोलावते, आत उत्तर सापडतं आणि वर येईपर्यंत गायब होतं! कुठं गळतं, कसं पकडायचं, नेमकं लिहा. भाषा कुठलीही चालेल.

निपाणीकर : बहुतेकदा आतल्या कॉलच्या आधी रिटर्नच नसतो. रिटर्न उत्तर एकच पायरी वर देतो, थेट मेनपर्यंत (जिथून प्रोग्रॅम सुरू होतो तिथं) नाही. क्रमानं लावलेल्या झाडात (एकाखाली डावा-उजवा असे जोडलेले नोड, डावीकडं लहान किंमत, उजवीकडं मोठी) शोधताना नुसतं 'शोध(नोड.डावा)' लिहिलं की आलेलं उत्तर सांडलं, 'रिटर्न शोध(नोड.डावा)' हवं. पायथन गुपचूप 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) देतो. जावा 'मिसिंग रिटर्न स्टेटमेंट' म्हणून अडवते, तेव्हा शेवटी 'रिटर्न फॉल्स' चिकटवून तिचं तोंड बंद करू नका. चूक आत तशीच राहते.

खानापूरवाला : पण म्हणून दिसेल तिथं रिटर्न लावत सुटू नका की! आपलीच रेल्वे घ्या. खानापूरहून मडगावची वाट शोधायची आहे. लोंढ्याला पुढे दोन शेजारी, आधी अळणावर, मग कॅसलरॉक. अळणावरची वाट धारवाडला संपते असं धरा. लूपमध्ये 'रिटर्न वाट(शेजारी)' लिहिलं तर अळणावरकडून फॉल्स येताच मेथड संपते, कॅसलरॉककडं कुणी बघतच नाही. 'इफ वाट(शेजारी): रिटर्न ट्रू' लिहा. 'रिटर्न फॉल्स' लूपच्या बाहेर, सगळे शेजारी संपल्यावर. आणि बघितलेली स्टेशनं सेटमध्ये टाका, नाहीतर लोंढा-खानापूर-लोंढा फेऱ्या मारून स्टॅक (अर्धवट राहिलेल्या कॉलची जागा) भरतो.

चिकोडी_सी : सीमध्ये रिटर्न विसरलं तरी कधीकधी बरोबर उत्तर येतं, कारण आतल्या कॉलचं मूल्य रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या जागेत) पडून असतं. ऑप्टिमायझेशन (कंपायलरनं कोड वेगवान करणं) चालू केलं की बिंग फुटतं. जीसीसी या सीच्या कंपायलरला '-वॉल' (-Wall, इशारे दाखवणारा पर्याय) लावाच.

टिळकवाडी : नोड मोजताना काउंट पॅरामीटरमधून खाली पाठवून आत वाढवला, तर जावात वरचा काउंट जागचा हलत नाही. त्यापेक्षा रिकाम्या नोडला 0 रिटर्न करा, बाकीच्यांना 1 + डावीकडची मोजणी + उजवीकडची मोजणी.
बॅकट्रॅकिंगमध्ये (एक वाट धरून बघायची, मग मागं येऊन दुसरी) उत्तरांच्या यादीत वाटेची प्रत टाका. मूळ यादीच टाकली तर शेवटी सगळी उत्तरं रिकामी दिसतात. ती एकच यादी असते आणि पॉप करत (शेवटचं काढत) करत मोकळी झालेली असते.

निपाणीकर : पकडायचं असेल तर प्रत्येक रिटर्नच्या आधी मूल्य प्रिंट करा, जितकी खोली तितक्या स्पेस सोडून. तीन नोडचं झाड पुरतं, फक्त शोधायची किंमत उजव्या पानात (खाली काही नसलेल्या नोडमध्ये) ठेवा.