फक्त मराठीत लिहून घर चालतं का? आकडे सांगा, प्रोत्साहन नको

पांझराकाठ
नमस्कार मंडळी. मी धुळ्याचा, एका पतसंस्थेत कॅशियर. हातात ३१ हजार येतात. बायको खासगी शाळेत शिकवते, तिचा पगार कधी वेळेवर, कधी नाही. माझ्या काही कथा छापून आल्यात, त्यातल्या तीन दिवाळी अंकांत. एका अंकाने ८०० रुपयांचा चेक पाठवला, दुसऱ्याने अंक आणि छापील आभारपत्र, तिसरा अंक मीच स्टँडवर जाऊन विकत घेतला. कादंबरी अर्धी झालीय. आमचे साहेब साडेसातपर्यंत सोडत नाहीत, त्यामुळे घरी येऊन वही उघडली की डोळे मिटतात.

प्रश्न सरळ आहे. नोकरी सोडून नुसतं मराठीत लिहून घर चालवणारं इथे कोणी आहे का? असल्यास पैसा नेमका कुठून येतो? ‘लिहीत राहा, दिवस येतील’ हे सासरेबुवा सोडून सगळेच सांगतात.

बोरूबहाद्दर
नोकरी सोडू नका. जयवंत दळवी यूसिस या अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात होते, वपु मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट, जीए धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनीही नोकरी करत लिहिलं, आपण कोण?

शब्दमजूर
बोरूबहाद्दर, तुमचं म्हणणं पुस्तकांपुरतं खरं आहे. मी डोंबिवलीत राहते, लिहिण्याशिवाय दुसरं उत्पन्न नाही आणि फ्लॅटचा हप्ता त्यातूनच जातो. मात्र त्यात माझ्या दोन पुस्तकांचा वाटा विचाराल, तर सोसायटीचा मेंटेनन्ससुद्धा निघत नाही.

पांझराकाठ, तुम्ही कॅशियर आहात, हिशेब तुम्हीच करा. कादंबरीची किंमत ३०० रुपये, रॉयल्टी १० टक्के. प्रतीमागे ३० रुपये. हजाराची आवृत्ती असली तर सगळी संपल्यावर ३० हजार, आणि ती संपायला दोन-तीन वर्षं लागली तरी प्रकाशक म्हणतो चांगली चालली. आता तर पहिल्यांदा पाचशेच छापतात. थोडक्यात, जी कादंबरी लिहायला तुम्ही नोकरी सोडणार, ती तुमचा एका महिन्याचा पगार देणार. कादंबरी जरूर लिहा, पण किराणा तिच्या नावावर भरू नका.

मग माझा किराणा कुठून येतो? मुख्यतः मालिकांच्या संवादांतून. मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. मी तिसरी. पटकथा रात्री अकराला मेलवर येते आणि सकाळी नऊच्या शिफ्टला सेटवर कागद हवे असतात. मध्येच ईपीचा, म्हणजे कार्यकारी निर्मात्याचा, फोन: “ताई, सासूबाईंना ताप आलाय, त्यांचे चारही सीन त्यांच्याशिवाय करून द्या ना.” मग सासूबाई अक्कलकोटला जातात. माझ्या कारकिर्दीत इतक्या सासवा अक्कलकोटला गेल्यात की स्वामींनी मला देवस्थानात नोकरी द्यायला हरकत नाही. पण खरी गोम पुढे आहे. सासूच्या तोंडचं वाक्य आता मोलकरणीला द्यायचं असतं. सासू म्हणणार होती, “या घराचा उंबरा ओलांडलास तर परत येऊ नकोस.” मोलकरीण तसं म्हणू शकत नाही. ती म्हणते, “वहिनीबाई, चप्पल आत घेऊ का बाहेरच ठेवू?” सीनमधला ताण तोच, पण माणूस बदलला की भाषा बदलते. हे ज्याला अर्ध्या तासात जमतं त्याला काम मिळत राहतं. शैलीबिली नंतर कोणी विचारलंच तर.

पैसे सांगते. नवख्याला भागामागे दोन-तीन हजार, हात बसला आणि नाव झालं की त्याच्या दुप्पट-तिप्पट. महिन्याला पंचवीस-सव्वीस भाग. आकडा ऐकून लगेच राजीनामा लिहू नका, कारण बहुतेक ठिकाणी पैसे भाग दाखवल्यावर नव्वद दिवसांनी येतात. पहिले चार महिने घरखर्च तुमच्या खिशातून. शिवाय दर गुरुवारी टीआरपी येतो, आणि मालिका बंद होतेय हे लेखकाला मेकअपदादाच्या नंतर कळतं.

माझी एक मालिका ऐन गणपतीत बंद पडली आणि निर्मात्याने शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे अडकवून ठेवले. करार लेखी होता आणि मी स्क्रीनरायटर्स असोसिएशनची सभासद होते, म्हणून त्यांच्या वाद निवारण समितीकडे जाता आलं. पैसे आले, हप्त्याहप्त्याने का होईना. माझ्याबरोबरच्या एका मुलाने सगळं काम फोनवरच्या शब्दावर केलं होतं. त्याला काही मिळालं नाही.

आता तुम्हाला जे खरं सांगायचंय ते. लिहून मिळणारा पैसा दोन तऱ्हेचा. एक काम संपलं की संपतो, दुसरा येत राहतो. मालिकेचे संवाद, अनुवाद, जाहिरात हा पहिला. त्यावर घर चालतं, पण हात थांबला की आवक थांबते. दुसरा पैसा हक्कांतून येतो, आणि नवे लोक तोच आधी लिहून देतात. माझी एक जुनी एकांकिका आहे, पाच पात्रं, सेट म्हणजे एक बाकडं. दरवर्षी स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की कुठल्या ना कुठल्या कॉलेजचा फोन येतो, “मॅडम, परवानगी हवी होती.” कोणी प्रयोगामागे पाचशे देतं, कोणी हजार. न विचारता करणारेही आहेत, त्यांचं पुढच्या जन्मी बघू. व्यावसायिक नाटकातही लेखकाला प्रयोगागणिक मानधन मिळतं. नाटक चाललं तर तुमच्या कादंबरीच्या दहा आवृत्त्यांइतकं देऊन जाईल. न चाललं तर अर्थात काही नाही.

म्हणून सही करण्याआधी करार वाचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे काही करारांत ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं मुद्दाम घातलेलं असतं. पुस्तकाच्या करारात ते दिसलं तर पेनाने खोडा आणि शेजारी लिहा, ‘फक्त मराठी छापील पुस्तकाचे हक्क’. प्रकाशक थोडा वेळ तोंड पाडतो, नंतर बऱ्याचदा मान्य करतो. नवख्याने खोडलं म्हणून पुस्तक परत आलं असं मी तरी पाहिलेलं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमासाठी लिहिणाऱ्याला थिएटरबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा सोडून देता येत नाही, करारात काहीही लिहून घेतलं तरी. वसूल होणं ही वेगळी लढाई, पण हक्क आहे.

अनुवादाबद्दल दोनच ओळी. प्रकाशक शब्दाला साधारण पन्नास पैशांपासून रुपया-दीड रुपयापर्यंत देतात. बँका, विमा, म्युच्युअल फंड यांचे कागद एजन्सीमार्फत येतात, तिथे दर बरा होता. आता यंत्राने केलेला अनुवाद दुरुस्त करायला पाठवतात आणि निम्मे पैसे देतात, कष्ट मात्र तेवढेच.

कानसेन
मी जालन्यातून ऑडिओ मालिका लिहितो. स्टोरीटेल हे ऑडिओ पुस्तकांचं अ‍ॅप २०१७ मध्ये भारतात आलं तेच मराठी आणि हिंदीसह. त्यानंतर या कामाला बरी मागणी आली. मुंबई-पुण्याला राहावं लागत नाही, हा मोठा फायदा. माझ्या कामात ठोक रक्कम मिळते आणि हक्क कंपनीकडे जातात, म्हणजे ताईंच्या हिशेबात पहिल्या तऱ्हेचा पैसा. एक सूचना: कानासाठी लिहिताना ‘त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं’ याचा काही उपयोग नसतो. ऐकणारा कांदा चिरत असतो.

खतावणी
सीए आहे, म्हणून एवढंच. मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. उत्पन्न कमी असेल तर तो परत मिळतो, पण रिटर्न भरलं तरच. पुस्तकाच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट आहे (१९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम ८०क्यूक्यूबी खाली होती), तीही जुनी करप्रणाली निवडली तर. मालिकेच्या संवादांना ती लागू नाही. पतसंस्थेतल्या माणसाला बाकी काय सांगायचं.

पांझराकाठ
सगळ्यांचे आभार. ताई, हिशेब पटला. राजीनामा तूर्त खिशात. पण धुळ्यात बसून मालिकेत शिरायचं कसं? माझी ओळख कोणाशी नाही. घरची बोली अहिराणी, ती कामाची आहे का ओझं?

शब्दमजूर
कामाचीच. ग्रामीण मालिका आली की सगळे लेखक एकच ठरावीक ‘गावरान’ लिहितात, जी कुठल्याच गावात बोलत नाहीत. खरी बोली येणारा माणूस शोधावा लागतो. सुरुवात बहुधा सहायक म्हणून होते. मुख्य लेखकाच्या हाताखाली, पैसे कमी, नाव नाही, पण सीन कसा कापायचा ते कळतं. हे काम मेलवर चालतं, त्यामुळे काही महिने नोकरी सांभाळून होईल, झोपेचं मात्र सांगत नाही. आणि चार महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात साठल्याशिवाय साहेबांना काही बोलू नका.

कथा पाठवू नका, कथा कोणी वाचत नाही. एक सीन लिहा. दोन पानं, तीन माणसं, एकच खोली. तुमच्या पतसंस्थेतलाच घ्या: मुदत संपलेली ठेव परत मागायला आलेली म्हातारी, कॅशियर आणि आतल्या केबिनमधून बाहेर न येणारा मॅनेजर. म्हातारी अहिराणीत बोलू दे, मॅनेजर पुणेरी. कॅशियर कधी हे, कधी ते. मला इथे निरोपातून पाठवा, वाचून स्पष्ट सांगेन. फक्त या आठवड्यात नको, रविवारी महाएपिसोड आहे आणि सासूबाई परत आजारी पडल्यात.