चिप ‘जाळावी’ की ‘भरावी’? मेमरी आणि सेटिंगसाठी मराठी क्रियापदे

विचारणा

बेळगावच्या उद्यमबागेतील शिकाऊ मुलांसाठी मी मराठीत एक मार्गदर्शिका तयार करीत आहे. खानापूर आणि निपाणीकडून येणाऱ्या या मुलांचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले आहे. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेत लहान प्रोग्रॅम लिहून संगणकाची सीमॉस मेमरी (घड्याळाच्या चिपमधली, बॅटरीवर टिकणारी, सेटिंग जपणारी छोटी मेमरी) कशी वाचावी आणि ईप्रॉम चिपमध्ये (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरीत) प्रोग्रॅम कसा घालावा, एवढाच तिचा विषय आहे. ‘बर्न करणे’, ‘इरेज करणे’, ‘चेकसम’ आणि ‘सेटिंग’ यांसाठी काय लिहावे? कोशांतील ‘स्मृती’ (मेमरी) आणि ‘संरचना’ (सेटिंग) हे शब्द घ्यावेत का?

उत्तर

नामांपेक्षा क्रियापदांचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे. चिप, मेमरी, बिट, बाइट, पोर्ट हे शब्द मुलांच्या तोंडी रुळलेले आहेत आणि ते तसेच ठेवल्याने अर्थ कोठेही अडत नाही. ‘स्मृतिचिप’ लिहिल्याने कोणाचीही सोय होणार नाही. घोटाळा होतो तो क्रियापदात. ‘चिप जाळणे’ असे तर मुळीच लिहू नये, कारण आपल्याकडे चिप जळाली म्हणजे ती निकामी झाली, एवढाच अर्थ निघतो, आणि चुकीचे व्होल्टेज दिल्यास तसे खरोखर घडते. मूळच्या २७६४ चिपमध्ये लिहिताना २१ व्होल्ट द्यावे लागत, तर नंतरच्या २७६४ए चिपला १२.५ व्होल्टच द्यायचे असतात. हा फरक समजावून सांगणाऱ्या पानावरच ‘जाळणे’ हा शब्द दोन अर्थांनी आला, तर वाचणाऱ्याने काय समजावे?

इंग्रजीत तो शब्द आला त्याला कारण होते. जुन्या प्रॉम चिपांत (एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीत) प्रत्येक बिटासाठी एक बारीक फ्यूज असे आणि लिहिताना तो खरोखरच वितळवला जाई. इंटेलने १९७१ मध्ये आणलेल्या, डोव्ह फ्रोमन यांनी शोधलेल्या ईप्रॉममध्ये काहीच वितळत नाही. सर्व बाजूंनी विलग केलेल्या गेटमध्ये विद्युतभार अडकवून ठेवला जातो आणि काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडला की तो निघून जातो. म्हणून एका बाइटपुरते ‘लिहिणे’, संपूर्ण फाइल चिपमध्ये घालायची असेल तेव्हा ‘भरणे’ आणि प्रकाशाने किंवा विजेने मुद्दाम काढून टाकायचे असेल तेव्हा ‘पुसणे’ असे लिहावे.

‘कोरी चिप’ हा प्रयोग मला फार आवडतो, परंतु त्याला एक वाक्य जोडणे आवश्यक आहे. कोरी म्हणजे शून्यांनी भरलेली नव्हे. पुसलेल्या ईप्रॉममध्ये प्रत्येक बिट एक असतो, म्हणजे प्रत्येक बाइट वाचल्यावर २५५ येतो. लिहिताना एकाचे शून्य करता येते, शून्याचे पुन्हा एक करता येत नाही. त्यासाठी संपूर्ण चिप पुसावी लागते. हे कळले की भरण्यापूर्वी चिप कोरी आहे की नाही हे का तपासायचे, ते निराळे शिकवावे लागत नाही.

आता पास्कलकडे येतो. निकलाउस विर्थ यांच्या मूळ पास्कल भाषेत पोर्टची, म्हणजे हार्डवेअरशी देवाणघेवाण करण्याच्या क्रमांकित दारांची, सोय नव्हती. टर्बो पास्कलने ‘पोर्ट’ नावाचा तयार ॲरे (क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मूल्यांची रांग) दिला आणि त्यामुळे हार्डवेअरशी बोलणे हे चलाला मूल्य देण्यासारखेच दिसू लागले. १९८४ च्या पीसी-एटीमधील घड्याळाच्या चिपमध्ये ६४ बाइट होते. त्यांपैकी १४ घड्याळाकडे आणि उरलेले सेटिंगसाठी होते. त्यांतला एखादा बाइट वाचायचा असेल तर हेक्स (सोळा अंकांच्या पद्धतीतील) ७० या पोर्टला त्याचा क्रमांक द्यायचा आणि हेक्स ७१ वरून मूल्य घ्यायचे. येथे ‘७० मध्ये मूल्य ठेवणे’ असे लिहिल्यास मुले ते मूल्य तेथेच राहिले असे समजतील, म्हणून ‘पोर्टला पत्ता सांगणे’ आणि ‘पोर्टवरून मूल्य घेणे’ असे लिहावे. ‘पत्ता’ हा शब्द निःशंकपणे वापरावा. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांनाही तो चटकन कळेल, कारण त्यांच्याकडेही टपालावरचा ‘विळास’च मेमरीसाठी वापरतात.

‘चेकसम’साठी आपल्याकडे शाळेतल्या गणितातला ‘ताळा’ तयार आहे. त्या यंत्रात हेक्स १० ते २डी या बाइटांची बेरीज २ई आणि २एफ या दोन जागी लिहिलेली असते. मधला एखादा बाइट बदलून ही बेरीज तशीच ठेवली, तर पुढच्या वेळी संगणक सुरू होताना ताळा जुळत नाही आणि बायोस (संगणक सुरू करणारा अंगभूत प्रोग्रॅम) तक्रार करते.

निपाणीहून आलेली पुरवणी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त ‘सेटिंग’बद्दल थोडे अधिक लिहिणे गरजेचे वाटते. आपल्या कारखान्यांत ‘सेटिंग’ म्हणजे लेथवर किंवा सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) जॉब आणि टूल बसवून जुळवणे, आणि ते करणारा तो सेटर. त्यामुळे मेमरीत साठवलेल्या मूल्यांना ‘पॅरामीटर’च म्हणावे. मशिनशॉपमधील सर्वांना तो शब्द ठाऊक आहे. ‘संरचना’ म्हटल्यास मुलांना यंत्राचा सांगाडा आठवेल.

दुसरे असे की ‘पुसणे’ आणि ‘उडणे’ यांतला फरक मार्गदर्शिकेत स्पष्ट हवा. पुसतो तो माणूस. उडतात ते पॅरामीटर, आणि तेही वीज तुटल्यामुळे. ईप्रॉममधला मजकूर वीज बंद केल्याने उडत नाही, सीमॉसमधला मात्र बॅटरी संपली की उडतो. आपले कामगार हा भेद बोलताना कधीच चुकत नाहीत. अनेक सीएनसी नियंत्रकांत बॅकअपची बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची असते, म्हणून ‘बॅटरी बदलण्यापूर्वी मशीन बंद करू नये, अन्यथा पॅरामीटर उडतील’ हे वाक्य मार्गदर्शिकेत जसेच्या तसे, ठळक अक्षरांत छापावे.