मदत हवी आहे : व्हिवोमधील आमचा वर्ग नाहीसा झाला, लेखही सरमिसळ झाले

करवीर : नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या संस्थेची व्हिवो ही संशोधक-माहितीप्रणाली काल अद्ययावत केल्यापासून ‘मान्यताप्राप्त मार्गदर्शक’ हा आम्ही तयार केलेला वर्ग (नोंदींचा प्रकार) दिसेनासा झाला आहे. शिवाय वनस्पतीशास्त्राच्या एस. पाटील यांच्या पानावर रसायनशास्त्राच्या एस. पाटील यांचे लेख आले आहेत. सोमवारी समितीपुढे यादी ठेवायची आहे. कृपया लवकर उपाय सांगावा.

ग्रंथपाल : वर्ग कोठे लिहिला होता आणि लेख कोठून आणता, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

करवीर : व्हिवोच्या मूळ ऑन्टॉलॉजीच्या, म्हणजे वर्ग व संबंध यांच्या व्याख्यांच्या, फाइलमध्येच भर घातली होती. लेख क्रॉसरेफ या लेखनोंदींच्या सेवेवरून घेतो.

रंकाळाकाठ : सर्वांना ऑर्किड हा संशोधकाचा ओळख-क्रमांक काढायला लावा. 16 अंकी क्रमांक असला की दोन पाटील एक होत नाहीत.

ग्रंथपाल : ऑर्किड 2012 साली सुरू झाले, त्याआधीच्या लेखांच्या नोंदींत तो क्रमांक बहुधा नसतोच, आणि निवृत्त प्राध्यापकांकडून तो आता कोण काढून घेणार? लेखाला मिळणारा डीओआय हा क्रमांक लेखाची ओळख पटवतो, लेखकाची नव्हे. त्यामुळे आडनाव आणि आद्याक्षर जुळले म्हणून लेख आपोआप जोडू नका. सहलेखक व विभाग पाहून माणसानेच खात्री करावी.

शाहूपुरी : वर्गांना मराठी नावे देताना ‘एमआर’ हा भाषासंकेत जोडायला विसरू नका. आमच्याकडे ते राहिले होते.

सह्याद्री : मूळ प्रश्नाकडे येतो. नव्या आवृत्तीची फाइल तुमच्या फाइलवर बसली, म्हणून वर्गाची व्याख्या गेली. मार्गदर्शकांच्या नोंदी मात्र साठ्यात असणार, स्पार्कल या प्रश्नभाषेत शोध चालवून पाहा. बॅकअपमधील व्याख्या स्वतःच्या नेमस्पेससह (नावांच्या वेगळ्या उपसर्गासह) वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पण वर्गाचा यूआरआय (त्याचा एकमेव ओळखपत्ता) जुनाच असू द्या, नाहीतर नोंदी पुन्हा अनाथ होतील. क्रॉसरेफची आवकही स्वतंत्र नेम्ड ग्राफमध्ये, म्हणजे साठ्यातील नाव दिलेल्या वेगळ्या कप्प्यात, घ्या, म्हणजे चुकल्यास तेवढाच ग्राफ पुसून पुन्हा भरता येतो.

ग्रंथपाल : मुळात मार्गदर्शन-संबंध व्हिवोच्या ऑन्टॉलॉजीत आहेच. नवा वर्ग कशासाठी?

करवीर : तो संबंध मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यातला आहे. आम्हाला मान्यता नोंदवायची आहे, आणि ती विद्यार्थी नसतानाही विषयानुसार व मुदतीपुरती असते, म्हणून वर्ग ठेवतो. सह्याद्री, नोंदी खरोखरच साठ्यात सापडल्या. वेगळी फाइल घालून प्रणाली पुन्हा सुरू केल्यावर यादी दिसू लागली. मनःपूर्वक आभार. पाटील सरांचे लेख मात्र आजवर वेगळ्या ग्राफमध्ये न जाता एकाच साठ्यात गेले असल्याने ते दोन्ही विभागांत बसून हातानेच वेगळे करत आहे.